आतल्या बेडरूममध्ये वाय-फाय का पोहोचत नाही? १८८८ साली हे कोडं उलगडणारा हाइनरिक हर्ट्झ

हॉलमध्ये वाय-फाय पळतं आणि आतल्या बेडरूममध्ये रांगतं, ही तक्रार आता घरोघरची झाली आहे. मुलीचा क्लास बाल्कनीच्या दारात उभं राहून, आईचा व्हिडिओ कॉल स्वयंपाकघरात पाऊल टाकताच अडकलेला, आणि घरी कोणाची ऑफिसची मीटिंग असली की बाकीच्यांनी हॉलमध्ये श्वास रोखून बसायचं. मग कोणीतरी सुचवतं की मेश सिस्टिम घ्या. ऑनलाइन शोधायला गेलं की दोन डब्यांचे, तीन डब्यांचे सेट समोर येतात. प्रत्येकावर गिगाहर्ट्झचे आकडे आणि किमतींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. स्वस्तातला पुरेल का, दोन डबे घ्यायचे की तीन, काही केल्या ठरत नाही.

या डब्यांवर एका माणसाचं नाव छापलेलं असतं आणि आपलं तिकडे लक्षच जात नाही. गिगाहर्ट्झमधला हर्ट्झ. हाइनरिक हर्ट्झ नावाचा हा जर्मन शास्त्रज्ञ अवघी ३६ वर्षं जगला. तारेशिवाय हवेतून जाणाऱ्या विद्युत लहरी प्रयोगशाळेत तयार करून त्या खरंच लहरी आहेत हे त्याने पहिल्यांदा निर्विवाद दाखवलं. इतकंच नाही, तर या लहरी कशातून आरपार जातात, कशावर आपटून परततात आणि खोलीतल्या अमुक एका जागी अगदी नाहीशा का होतात, हेही त्याने एका कॉलेजच्या लेक्चर हॉलमध्ये फिरून तपासलं. मेशचा सेट विकत घेण्याआधी आपल्याला जे प्रश्न पडतात, त्यातल्या निम्म्यांची उत्तरं त्याच्या त्या प्रयोगांत आहेत.

हर्ट्झचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, हॅम्बुर्ग शहरातला. वडील वकील, पुढे ते न्यायाधीश आणि शहराच्या सिनेटचे सदस्य झाले. वडिलांचं घराणं मूळचं ज्यू, पण त्यांनी ख्रिश्चन धर्म स्वीकारलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, चाळीस वर्षांनंतर नव्हे तर थेट सत्तर-ऐंशी वर्षांनंतर ती या कुटुंबाच्या मुळावर येणार आहे.

पोरगा हुशार, पण नुसता पुस्तकी नाही. भाषांची इतकी आवड की शाळकरी वयात अरबी शिकला. त्याच वेळी सुतारकाम आणि लेथही शिकून घेतलं. घरी त्याचं स्वतःचं लेथ होतं आणि त्यावर तो भौतिकशास्त्राची उपकरणं बनवायचा. पुढे तो प्रोफेसर झाल्याचं कळलं, तेव्हा लेथ शिकवणाऱ्या उस्तादाला आनंद होण्याऐवजी हळहळ वाटली, कारण एक उत्तम कारागीर हातचा गेला असं त्याचं मत. ही आठवण हर्ट्झच्या आईने लिहून ठेवली आहे. मला हा प्रसंग नुसता गमतीचा वाटत नाही. हर्ट्झने पुढे जे केलं ते गणिताइतकंच हाताच्या कसबावर झालं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी ठिणगी पकडायची तर तिच्यासाठी फट तेवढीच बारीक आणि नेमकी करता आली पाहिजे.

त्याला आधी इंजिनिअर व्हायचं होतं. फ्रँकफर्टला वर्षभर उमेदवारी केली, ड्रेस्डेनला शिकला, सक्तीची लष्करी नोकरी केली आणि १८७७ मध्ये म्युनिकला पोहोचला. तिथे त्याचं मन पालटलं. पूल आणि इमारती बांधण्यापेक्षा निसर्गाचे नियम शोधावेत असं त्याला वाटू लागलं. त्याने वडिलांना पत्र लिहून परवानगी मागितली. विसाव्या वर्षी करिअर बदलायचं म्हणून घरी पत्र लिहिणाऱ्या मुलाची धाकधूक कुठल्याही देशातल्या वाचकाला कळेल. वडिलांनी होकार दिला.

१८७८ मध्ये तो बर्लिनला आला आणि हेल्महोल्ट्झ या त्या काळच्या बड्या शास्त्रज्ञाच्या नजरेत भरला. वर्षभरात विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलं आणि १८८० मध्ये, २३ व्या वर्षी, डॉक्टरेट.

तीन वर्षं वाया जातील म्हणून नाकारलेला प्रश्न

त्याआधी स्कॉटलंडच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेलने कागदावर एक अचाट गोष्ट मांडली होती. वीज आणि चुंबकत्व यांचा परिणाम लहरीसारखा पसरतो, या लहरीचा वेग प्रकाशाएवढा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे, आणि प्रकाश हीसुद्धा तशीच एक लहर आहे. समीकरणं सुंदर होती, पण पुरावा नव्हता. डोळ्यांना दिसतो तो प्रकाश सोडला तर अशी दुसरी लहर कोणीही जाणूनबुजून तयार करून ओळखून दाखवली नव्हती. १८७९ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मॅक्सवेल गेला.

त्याच वर्षी बर्लिनच्या अकादमीने या सिद्धांताचा एक भाग प्रयोगाने तपासण्यासाठी बक्षीस जाहीर केलं. हेल्महोल्ट्झची इच्छा होती की हर्ट्झने हे काम घ्यावं. हर्ट्झने गणित मांडून पाहिलं. हाताशी असलेल्या साधनांनी मिळणारा परिणाम इतका सूक्ष्म असेल की तीन वर्षं घालवूनही हाती काही लागेल याची खात्री नाही, असा हिशेब निघाला. त्याने नकार दिला. पण प्रश्न डोक्यात राहिला.

मधली काही वर्षं हेल्महोल्ट्झचा मदतनीस म्हणून आणि मग कील शहरात शिकवण्यात गेली. १८८५ मध्ये त्याला कार्ल्सरुहच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रोफेसरची जागा मिळाली. पुढच्या वर्षी, ३१ जुलै १८८६ ला, त्याचं लग्न झालं. एलिझाबेथ डॉल ही तिथल्याच एका प्राध्यापकाची मुलगी. लग्नानंतरच्या अडीच वर्षांत या माणसाने जे काम केलं, त्यावर आजचं रेडिओ, टीव्ही, मोबाइल आणि वाय-फाय उभं आहे.

सुरुवात अपघाताने झाली. संस्थेच्या कपाटात शिकवण्यासाठी ठेवलेली तारांची दोन सपाट वेटोळी होती. त्यातल्या एकातून विजेचा छोटासा झटका पाठवला की दुसऱ्या, न जोडलेल्या वेटोळ्यात ठिणगी उडायची. अट एकच, पहिल्या वेटोळ्यातही ठिणगी उडाली पाहिजे. हजार विद्यार्थ्यांनी हे पाहून सोडून दिलं असतं. हर्ट्झला मात्र ओळख पटली की ही ठिणगी म्हणजे नुसती चमक नव्हे. त्या क्षणात वीज तारेतून कोट्यवधी वेळा प्रति सेकंद या वेगाने पुढे-मागे हिंदकळते आहे. सात वर्षांपूर्वी जे साधन नाही म्हणून तो मागे फिरला होता, तेच समोर पडलं होतं.

घरातला गॅस लायटर आठवा. टिक केलं की ठिणगी उडते. जुन्या पद्धतीचा मीडियम वेव्ह रेडिओ चालू ठेवून त्याच्याजवळ लायटर वाजवला तर रेडिओत खरखर ऐकू येते. ठिणगीतून लहरी निघतात त्या अशा. हर्ट्झचा ट्रान्समीटर म्हणजे असाच मोठा लायटर होता: दोन धातूचे पत्रे, त्यांना जोडणारी तार, मध्ये छोटी फट आणि त्या फटीत ठिणग्या पाडणारी कॉइल. रिसीव्हर त्याहून साधा. तांब्याच्या तारेचं कडं, त्यातही बारीकशी फट, आणि बॅटरी अजिबात नाही. लहर कड्यावर आली की त्या फटीत आपोआप एक अगदी बारकी ठिणगी चमकायची. ती दिसावी म्हणून खोलीत अंधार करून डोळे सरावेपर्यंत बसावं लागे.

ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने रिसीव्हरची फट काळ्या पेटीत झाकून पाहिली, तर ठिणगी उलट लहान झाली. का? हा त्याचा मूळ विषय नव्हता, तरी त्याने काही महिने त्याच्या मागे घालवले. शेवटी कळलं की मोठ्या ठिणगीतला अतिनील प्रकाश छोट्या ठिणगीला मदत करत होता आणि पेटीने तो अडवला होता. १८८७ मध्ये त्याने हे छापलं आणि पुन्हा लहरींकडे वळला. प्रकाशाने धातूतून वीज बाहेर पडते, या परिणामाची ही पहिली नोंद. त्याचं स्पष्टीकरण १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दिलं आणि त्यासाठी त्याला नोबेल मिळालं. हर्ट्झच्या आयुष्यात हा जाता जाता लागलेला शोध.

लेक्चर हॉलमधली झुंबरं काढली तेव्हा

आता आपल्या बेडरूमशी थेट संबंध असलेला भाग.

१८८८ च्या सुरुवातीला हर्ट्झने भौतिकशास्त्राचा मोठा लेक्चर हॉल प्रयोगासाठी घेतला. १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद, ६ मीटर उंच. पण एवढी जागा त्याला वापरता आली नाही. हॉलच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांच्या रांगा होत्या. हर्ट्झच्या लक्षात आलं की डोळ्यांना या खांबांमध्ये भरपूर मोकळी जागा दिसत असली, तरी त्याच्या लहरींसाठी ती जवळजवळ सलग भिंतच आहे. म्हणून खांबांपलीकडचा भाग त्याने सोडूनच दिला आणि मधला साडेआठ मीटर रुंदीचा पट्टा धरला. तिथे छताला लोंबणारे गॅसचे नळ आणि झुंबरं होती. तीही उतरवायला लावली. यंत्र चालू करण्याआधी खोलीतलं लोखंड हटवणं, हे त्याचं पहिलं काम होतं.

समोरच्या दगडी भिंतीवर त्याने ४ मीटर उंच आणि २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा ठोकला. ट्रान्समीटरमधून लहर निघणार, पत्र्यावर आपटून परतणार, आणि जाणारी व येणारी लहर एकमेकींत मिसळणार. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरं टोक हाताने ठरावीक लयीत हलवलं, तर दोरीवर काही जागा जोरात थरथरतात आणि त्यांच्यामधल्या काही जागा अगदी शांत राहतात. हवेतही तसंच व्हायला हवं होतं. हातात कडं धरून हर्ट्झ पत्र्यापासून मागे मागे सरकत गेला. ठिणगी वाढली, मंदावली, विझली. आणखी मागे गेल्यावर पुन्हा पेटली. दोन शांत जागांमधलं अंतर ४.८ मीटरच्या आसपास भरलं, म्हणजे लहरीची लांबी साडेनऊ मीटरहून थोडी जास्त. मॅक्सवेलची कागदावरची लहर आता मीटरपट्टीने मोजता येत होती.

आपल्या २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटर लांब असते आणि ५ गिगाहर्ट्झची सहा सेंटीमीटरच्या आत-बाहेर. त्यामुळे घरात अशा शांत जागा मीटरवर नाही, वितीच्या आतच असतात. पलंगावर पडून व्हिडिओ अडकला आणि हात थोडा बाजूला नेताच चालू झाला, असं कधी झालं असेल तर तो तुमचा भ्रम नव्हता. भिंती, फ्रीज आणि लोखंडी कपाटावर आपटून आलेल्या लहरींनी ती जागा शांत केली होती.

त्या वर्षाच्या शेवटी हर्ट्झने लहरीची लांबी ६६ सेंटीमीटरवर आणली. लहर आखूड झाली की तिला आरशाने वळवता येतं. त्याने जस्ताचे पत्रे वाकवून दोन मीटर उंचीचे दोन अंतर्वक्र आरसे केले, एकात ट्रान्समीटर आणि दुसऱ्यात रिसीव्हर. आणि मग वाटेत एकेक वस्तू आणून ठेवायला सुरुवात केली.

लाकडाचं बंद दार ठेवलं तर लहर आरपार गेली. बंद खोलीच्या आत ठिणगी उडताना पाहून हर्ट्झलाही नवल वाटलं होतं, हे त्याने स्वतः नोंदवलं आहे. धातूचा पत्रा ठेवला तर ठिणगी बंद. मदतनीस मध्ये उभा राहिला तरी ठिणगी विझली आणि तो बाजूला होताच परतली. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांश खारट पाणीच, ते लहर अडवणारच. लाकडी चौकटीवर ३ सेंटीमीटर अंतराने तांब्याच्या तारा ताणून त्याने एक जाळी केली. तारा एका दिशेने धरल्या की लहर अडायची, जाळी पाव वळसा फिरवली की निघून जायची. शेवटी डांबराचा एक प्रचंड प्रिझम ओतवून घेतला. दीड मीटर उंच, वजन सुमारे ६०० किलो. काचेच्या प्रिझममधून प्रकाश वळतो तशी त्याची न दिसणारी लहर या काळ्या ढेपेतून वळली. दार उघडं ठेवून शेजारच्या खोलीपर्यंत मोजलं, तेव्हा सगळ्यात लांबची ठिणगी १६ मीटरवर दिसली.

मग मेशचा सेट घ्यायचा का?

हर्ट्झच्या पद्धतीने जायचं तर आधी खोली पाहायची, मग यंत्र. फायबरचं कनेक्शन देणारे लोक राउटर बहुतेक वेळा तार जिथून आत येते तिथेच अडकवून जातात: टीव्हीच्या मागे, माळ्यावर किंवा चपलांच्या कपाटाशेजारी. टीव्हीच्या पाठीमागे भरपूर धातू असतो, म्हणजे आपण ट्रान्समीटर खांबाआड लपवला. चार-पाच मीटर जादा केबल घेऊन राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर उघडा ठेवला तर साधारण दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पुष्कळदा मेश लागतच नाही. केबलचा खर्च मेशच्या मानाने नगण्य. आमच्याकडे मी हे उलट क्रमाने शिकलो. आधी तीन डब्यांचा सेट घेतला आणि मग लक्षात आलं की अडचण एका लोखंडी कपाटाची होती. तिसरा डबा अजून माळ्यावर आहे.

घर लांबट असेल, दोन मजली असेल किंवा जुन्या जाड दगडी भिंतींचं असेल, तर मेश हवंच. लाकूड हर्ट्झच्या लहरीला अडवू शकलं नाही, पण काँक्रीटची जाडी, तिच्यातली ओल आणि आतल्या सळ्या मिळून सिग्नल बराच खाऊन टाकतात. मजल्यांमधला स्लॅब तर सगळ्यात वाईट. खिडकीला धातूची बारीक मच्छरजाळी असेल तर ती आपल्या लहरीपुढे पत्र्यासारखीच वागते, त्यामुळे गच्चीत किंवा अंगणात रेंज मिळण्याची आशा तिच्यातून धरू नका.

मेशमध्ये एक डबा फायबरला जोडलेला असतो आणि बाकीचे त्याच्याकडून सिग्नल घेऊन पुढे देतात. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दुसरा डबा नेमका रेंज नसलेल्या खोलीत ठेवणं. तिथे त्याला स्वतःलाच काही मिळत नाही, तो पुढे काय देणार? तो वाटेत ठेवायचा, जिथे पहिल्याचा सिग्नल अजून चांगला आहे. शक्यतो दोघांमध्ये एखादं उघडं दार असावं. हर्ट्झचे १६ मीटरही उघड्या दारातूनच आले होते.

किमतीतला मोठा फरक बहुधा रेडिओंच्या संख्येचा असतो. स्वस्त ड्युअल-बँड सेटमध्ये डब्यांचं आपसातलं बोलणं आणि तुमच्या मोबाइलशी बोलणं एकाच ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओवरून चालतं, त्यामुळे दुसऱ्या डब्याजवळ वेग निम्म्यावर येऊ शकतो. महाग ट्राय-बँड सेटमध्ये आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ मिळतो. पण हा खर्च टाळायचा एक जुना उपाय आहे: दोन डबे नेटवर्क केबलने जोडायचे. मग स्वस्त ड्युअल-बँड सेटही झकास चालतो, मजल्यांच्या घरात तर हाच मार्ग. मात्र डब्याच्या मागची पोर्ट गिगाबिट आहेत ना, ते पाहा. काही अगदी स्वस्त सेटमध्ये ती १०० एमबीपीएसची असतात. तुमचा प्लॅन २०० चा असेल तर अर्धा तिथेच अडेल. खोक्यावर १२०० सारखा आकडा दिसला तर दबून जाऊ नका, तो वेगवेगळ्या रेडिओंची बेरीज करून लिहिलेला असतो आणि कुठल्याही एका मोबाइलला तेवढा वेग मिळत नाही. वाय-फाय ६ असलेला साधा दोन डब्यांचा सेट आणि मध्ये एक केबल, एवढ्यावर मध्यमवर्गीय घराचं काम भागतं असं माझं मत. तीन डबे जवळजवळ ठेवले तर ते एकमेकांच्या बोलण्यात अडथळाच आणतात.

खोलीने हर्ट्झलाही फसवलं होतं

एवढी काळजी घेऊनही हर्ट्झच्या मोजमापांत एक गोची राहिली. तारेतून जाणारी लहर आणि हवेतून जाणारी लहर यांचा वेग त्याला वेगळा मिळत होता. सिद्धांत म्हणत होता की तो सारखाच हवा. जिनेव्हाच्या साराझें आणि द ला रीव्ह या दोघांनी १८९३ मध्ये कितीतरी मोठ्या हॉलमध्ये, मोठा धातूचा पडदा लावून हाच प्रयोग केला आणि दोन्ही वेग सारखे आले. कार्ल्सरुहची खोली त्या लांब लहरींना अपुरी पडली होती आणि आजूबाजूच्या भिंतींनी मोजमाप बिघडवलं होतं. हर्ट्झने ते मान्य केलं. लहरीच्या वारंवारतेच्या आधीच्या एका गणितातही त्याची चूक झाली होती. ती फ्रान्सच्या प्वांकारेने दाखवली, तीही त्याने कबूल केली.

१८८९ मध्ये तो बॉनला प्रोफेसर म्हणून गेला. आता तो युरोपभर प्रसिद्ध होता. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला रमफर्ड पदक दिलं. पण या लहरींचा व्यवहारात काही उपयोग होईल, असं त्याला वाटत नव्हतं. १८८९ च्या डिसेंबरमध्ये म्युनिकच्या एका इंजिनिअरने त्याला पत्र लिहून विचारलं की टेलिफोनचं बोलणं या लहरींनी पाठवता येईल का. हर्ट्झचं उत्तर नकाराचं होतं. बोलण्यातली कंपनं इतकी सावकाश असतात की त्यांची लहर शेकडो किलोमीटर लांब होईल आणि तिला वळवायला एखाद्या खंडाएवढा आरसा लागेल, असा त्याचा मुद्दा. गणित अचूक होतं. वेगवान लहरीच्या पाठीवर सावकाश आवाज बसवून पाठवता येतो, ही कल्पना मात्र अजून कोणाला सुचायची होती.

त्याच्याकडे वेळही उरला नव्हता. १८९२ च्या उन्हाळ्यात नाक आणि कानाचं दुखणं सुरू झालं. डोकेदुखी असह्य. एकामागून एक ऑपरेशनं झाली, थोडं बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. आजच्या डॉक्टरांनी त्या नोंदी वाचून हा रक्तवाहिन्यांना सूज आणणारा एक दुर्मीळ आजार असावा असं म्हटलं आहे. तेव्हा त्याला नाव नव्हतं आणि औषधही. त्या अवस्थेत तो यंत्रशास्त्राच्या मूळ तत्त्वांवरचं पुस्तक लिहीत राहिला. डिसेंबर १८९३ च्या पहिल्या आठवड्यात त्याने शेवटचं लेक्चर दिलं आणि १ जानेवारी १८९४ ला बॉनमध्ये त्याचा मृत्यू झाला. मागे पत्नी आणि दोन मुली, थोरली योहाना सहा वर्षांची, धाकटी माथिल्डे तीनचीही नव्हती. पुस्तक त्याच वर्षी, तो गेल्यावर प्रसिद्ध झालं.

तो गेला त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी हर्ट्झच्या कामावर व्याख्यान दिलं आणि ते छापून आलं. ते वाचून कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी प्रयोग सुरू केले. लहर त्यांनी आणखी आखूड केली, थेट काही मिलिमीटरवर आणली. १८९५ मध्ये भिंतीपलीकडे घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून त्यांनी लोकांना ती दाखवली. इटलीत वीस वर्षांचा मार्कोनीही त्याच सुमारास हर्ट्झविषयीच्या एका लेखामुळे झपाटला आणि त्याने त्याचा धंदा उभा केला.

हर्ट्झची धाकटी मुलगी माथिल्डे जीवशास्त्रज्ञ झाली. प्राण्यांच्या दृष्टीवर तिचं काम चांगलं नावाजलं गेलं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि आजोबांच्या घराण्याचा मूळ धर्म तिच्या नोकरीच्या आड आला. माक्स प्लांकने तिच्यासाठी शब्द टाकून पाहिला. तरीही काही वर्षांतच एलिझाबेथ आणि दोन्ही मुलींना जर्मनी सोडून इंग्लंडमधल्या केंब्रिजला जावं लागलं.

सेकंदाला किती कंपनं, हे मोजण्याच्या एककाला हर्ट्झचं नाव द्यायचं १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाने ठरवलं होतं आणि १९६० मध्ये ते जगभरच्या मोजमापांच्या अधिकृत यादीत आलं. त्याची तारांची कडी आणि जस्ताचे आरसे म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलेले आहेत.